कै. इरावतीबाई कर्वे आणि रक्ताचा वारसा

दाना ओलीत काय किंवा लष्करातल्या दुसऱ्या कुठल्या जुन्या मराठी वस्तीत काय, घरात मुलीचे लग्न काढले म्हणजे ठरलेल्या गोष्टींची विचारपूस होते. गोत्र कोणते, शाखा कोणती, मूळ गाव कोकणातले की देशावरचे, पत्रिकेत नाडी एक तर येत नाही ना, आणि शेवटी देणेघेणे काय. एवढ्या चौकशीत एक प्रश्न मात्र हटकून राहून जातो. त्या घरात जन्मापासून बहिरे, जखमेचे रक्त न थांबणारे, दर महिन्याला बाहेरचे रक्त द्यावे लागणारे असे मूल कधी झाले होते काय, हे कोणी विचारीत नाही; आणि विचारलेच तर कोणी खरे सांगत नाही. अशा मुलाचे नाव घरात हळू आवाजात घेतले जाते आणि त्याचा दोष बहुधा परघरातून आलेल्या सुनेच्या माथी बसतो.

आईबापांकडून मुलाला काय येते आणि काय येत नाही, या प्रश्नाचा छडा लावण्यात एका मराठी बाईने आपले आयुष्य घालविले. कै. डॉ. इरावतीबाई कर्वे या मराठी वाचकाला ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. पण त्यांचा खरा व्यवसाय मानवशास्त्राचा. माणसे मोजणे, त्यांच्या वंशावळी लिहून घेणे आणि कोण कोणाशी लग्न करतो हे तपासणे, हे त्यांचे काम. त्या वैद्य नव्हत्या, आजारांवर त्यांनी औषध शोधले नाही. तरीही वर सांगितलेल्या त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे कसे पाहावे हे त्यांच्या चरित्रातून जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रातून कळेल.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत इंजिनियर होते. तिथल्या इरावती नदीचे नाव त्यांनी मुलीला ठेवले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत धाडण्यात आले आणि पुढे ती रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांच्या मुलीसारखीच वाढली. १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन ती बी. ए. झाली. नंतर मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ साली एम. ए. झाली. प्रबंधाला विषय घेतला तो चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे आपल्या स्वतःच्याच जातीचा. ज्या जातीत आपण जन्मलो तिच्याकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय बाईंना इथून लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांचा विवाह झाला तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव यांच्याशी. सुनेने पुढील शिक्षणासाठी जर्मनीस जावे हे, स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या महर्षींनादेखील पसंत नव्हते. दिनकररावांनी मात्र पत्नीची बाजू घेतली आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या. तिथे त्यांनी ज्या संस्थेत नाव घातले ती नुकतीच, १९२७ साली निघालेली होती. मानववंश, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन असे तीन विषय तिच्या नावातच होते आणि तिचे प्रमुख होते प्राध्यापक ऑयगेन फिशर. आनुवंशिकतेवर त्यांनी इतर दोघांसह लिहिलेला ग्रंथ त्या काळी जर्मनीत प्रमाण मानला जाई.

फिशर यांनी या हिंदी विद्यार्थिनीला जो विषय दिला तो मोठा चमत्कारिक होता. माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी नसते, एक बाजू किंचित मोठी असते. युरोपीय लोकांत कपाळाकडची उजवी बाजू मोठी असते, म्हणून त्यांची तर्कबुद्धी अधिक, आणि इतर वंशांत तसे नसते, अशी त्यांची अटकळ होती. तिला पुरावा काढायचे काम बाईंच्या वाट्याला आले. संस्थेच्या संग्रहात युरोपातल्या कवट्या होत्या, तशा जर्मनांच्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. बाईंनी एकेक कवटी घेऊन मापे टिपली. हिशेब केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की कवटीची असमानता सर्वच वंशांच्या माणसांत आहे आणि तिचा वंशाशी काही एक संबंध लागत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्या गुरूच्याच मताविरुद्ध निकाल येत होता. बाईंनी आकडे होते तसेच लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या गोष्टीचे मोल पुढे काय घडले ते पाहिल्यावाचून कळत नाही. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्याच वर्षीच्या जुलैत एक कायदा निघाला. आनुवंशिक समजल्या जाणाऱ्या रोगांच्या माणसांना मूल होऊ नये म्हणून त्यांच्यावर सक्तीने शस्त्रक्रिया करावी, असा तो कायदा होता. जन्मांध, जन्मतः बहिरे, अपस्माराचे रोगी, मंदबुद्धी म्हणून शिक्का बसलेले असे सुमारे ४ लाख लोक त्यात सापडले. कोणाचा रोग खरोखर आनुवंशिक आहे याची धड चौकशीही पुष्कळदा झाली नाही. फिशर यांच्या संस्थेतले विद्वान या कामी अभिप्राय देत होते. आनुवंशिकतेचे अर्धवट ज्ञान हाती असलेल्या माणसाला गर्व चढला म्हणजे काय होते त्याचे हे उदाहरण आहे. तोवर इरावतीबाई मायदेशी परतल्या होत्या.

मुंबईस महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार म्हणून काही वर्षे काम केल्यावर १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या अध्यापक झाल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालविणारी पहिली बाई म्हणून त्यांचा लौकिक झाला, तो गमतीचा भाग. खरा कष्टाचा भाग गावोगावच्या हिंडण्याचा होता. मोजमापाची आयुधे घेऊन त्या खेड्यापाड्यांत, रानातल्या वस्त्यांवर जात. लोकांची उंची, डोक्याची लांबीरुंदी टिपीत, रक्ताचे नमुने घेत आणि आत्या, मामा, साडू, मेहुणा ही नाती कोण कशी सांगतो ते लिहून घेत. डॉ. सांकळियांबरोबर गुजरातेत लांघणज येथे उत्खननात निघालेले प्राचीन सांगाडे त्यांनी तपासले. १९४७ साली भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. महाराष्ट्रातील लोकांच्या मोजमापांवरील दांडेकरांसह लिहिलेला ग्रंथ १९५१ साली निघाला. १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला.

ग्वाल्हेरकर मराठी मंडळींनी या शेवटच्या ग्रंथाकडे विशेष लक्ष द्यावे. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य आहे. दक्षिणेत ते उलट पसंत केले जाते, काही ठिकाणी मामाभाचीचेही लग्न होते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. आपल्यातल्या पुष्कळ जातींत मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र सहसा चालत नाही. हे बाईंनी जातवार तपासून मांडले. आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आणि कारभाराबरोबर इकडे आले तेव्हा ही चाल सामानात बांधून घेऊन आले. शेजारची हिंदी घरे आई, बाप, आजी अशा अनेक बाजूंची गोत्रे टाळतात; त्यांना मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट ऐकूनच धक्का बसतो. इकडे मराठी घरे थोडी, सोयरीक जमविण्याचे वर्तुळ लहान, तेव्हा फिरून फिरून त्याच चार कुटुंबांत लग्ने होत राहिली. गोत्राची चाळणी इथे कामाची नाही, कारण गोत्र बापाकडून चालते. मामाच्या मुलीचे गोत्र निराळेच असते, रक्त मात्र जवळचे असते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही असे लग्न वर्ज्य ठरविले आहे, पण जिथे रूढी असेल तिथे सूट ठेवली आहे.

आता यात आजाराचा संबंध कसा येतो तो थोडक्यात सांगतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक सूत्र आईचे, एक बापाचे. त्या सूत्रांवर जनुके म्हणजे शरीर घडविण्याच्या सूचना असतात. एका बाजूची सूचना बिघडलेली असली तरी दुसऱ्या बाजूची चांगली असल्यास बहुतेक वेळा काम भागते आणि माणूस ठणठणीत राहतो. असा सुप्त दोष आपल्यापैकी प्रत्येकाजवळ काही ना काही असतोच. नवराबायको दोघांजवळ नेमका तोच दोष असला तर मात्र प्रत्येक खेपेला चारांत एक अशी शक्यता असते की मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या सूचना याव्यात. आते-मामे भावंडांना आजी-आजोबा एकच, त्यामुळे त्यांच्या जनुकांचा आठवा हिस्सा सामाईक असतो. म्हणून तोच दोष दोघांत असण्याचा संभव वाढतो. परक्या घरांतल्या जोडप्याच्या मुलात जन्मजात व्यंगाची शक्यता शेकडा २ ते ३ असते. आते-मामे भावंडांच्या लग्नात तीत आणखी साधारण तितकीच भर पडते. म्हणजे अशा लग्नांतली बहुतेक मुले निरोगीच होतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

माझ्या परिचयातल्या एका गाणाऱ्या घरात हेच घडले. नवराबायको मामे-आते भावंडे, दोघांचे कान तयार. त्यांचे दुसरे मूल जन्मतः बहिरे निघाले. ज्या घरात पहाटे तंबोरा लागतो त्या घरात हे दुःख काय असते ते मी पाहिले आहे. सासूने सुनेला ग्रहण न पाळल्याचा बोल लावला, कोणी गेल्या जन्मीचे पाप काढले. ती बाई कित्येक महिने तंबोऱ्याला शिवली नाही. जन्मजात बहिरेपणाचे एक नेहमीचे कारण जीजेबी-२ नावाच्या जनुकातला सुप्त दोष हे आहे. या जनुकाच्या सूचनेवरून आतल्या कानातल्या पेशींना जोडणारे बारीक मार्ग बनतात. ते बनले नाहीत म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही. दोष आईकडून जितका आला तितकाच बापाकडून, आणि दोघांना तो एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून मिळालेला असावयाचा. ग्रहणाचा यात काही वाटा नाही. अशा मुलाचे वेळीच कळले तर कानात यंत्र बसवून त्याला बोलणे ऐकणे पुष्कळ साधते. वर्षे दोष देण्यात गेली तर ती संधी जाते.

नात्यात लग्न केले नाही म्हणजे सुटलो, असेही नव्हे. आणि इथे बाईंचे शेवटच्या काळातले काम उपयोगी पडते. १९६८ साली त्यांनी आपले विद्यार्थी मल्होत्रा यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजाती घेऊन त्यांची मोजमापे आणि रक्तगट त्यांनी ताडून पाहिले. सगळ्यांचा दर्जा एक, भाषा एक. तेव्हा एका मूळ जातीच्या या फांद्या असतील तर रक्तही सारखे दिसावयास हवे. ते तसे दिसले नाही. एका मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या असे नसून, निरनिराळ्या गटांना पुढे एक नाव मिळाले, हे बाईंचे आधीपासूनचे मत होते. आपण जिला जात म्हणतो ते मुळात पिढ्यानुपिढ्या आपापसात लग्ने करणारे एक नातलगांचे वर्तुळ आहे, असा त्याचा अर्थ. यात उच्चनीचतेचा प्रश्नच उरत नाही. उरते ते इतकेच की प्रत्येक वर्तुळात काही गुण साठतात, तसे काही दोषही साठतात.

आजच्या वैद्यकात हे पदोपदी दिसते. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एका अक्षराचा फरक पडला की सिकल सेल हा आजार होतो, त्याच जनुकात दुसऱ्या तऱ्हेचे बिघाड झाले की थॅलेसेमिया. हे दोष काही वर्तुळांत फार आहेत, काहींत विरळा. सिकल सेल विदर्भात आणि आपल्या मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागांत बराच आढळतो. याचे कारण कोणाचे रक्त हीन असणे नव्हे. हा दोष एकाच बाजूने असलेल्या माणसाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून रानातल्या हिवतापाच्या मुलखात तो टिकून राहिला. केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू केली ती आपल्याच राज्यात, शहडोल येथे. दोष सुप्त आहे की नाही हे रक्ताच्या एका साध्या तपासणीने लग्नाआधी कळते.

सर्वच आजार असे दोन्हीकडून येत नाहीत. रक्त न थांबण्याचा हिमोफिलिया आईच्या एक्स सूत्रावरून मुलाला मिळतो, आई स्वतः बहुधा निरोगी असते. आणि कित्येकदा घराण्यात पूर्वी कोणाला नसताना तो नव्यानेही उद्भवतो. हंटिंग्टनसारखा मेंदूचा विकार एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. डाउनचे मूल तर वारशाने क्वचितच होते. बीजातली सूत्रे वाटली जाताना चूक होऊन २१ व्या सूत्राची एक प्रत अधिक येते, असे १९५९ साली फ्रान्समध्ये लझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी मुले होतात. नवराबायकोचा रक्तगट एक असू नये ही समजूत तर अगदीच निराधार आहे, आणि पत्रिकेतल्या नाडीचा जनुकांशी काही संबंध नाही.

मुलाच्या व्यंगाचा दोष आईला देण्याची आपली खोड जुनी आहे. महाभारतात अंबिकेने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा झाला, अंबालिका भयाने फिकी पडली म्हणून पंडू तसा झाला. बाईंनी ‘युगान्त’मध्ये या कुळातल्या माणसांकडे देवत्वाचे कवच काढून माणूस म्हणून पाहिले. बर्लिनमध्ये कवट्या मोजणारी नजर आणि गांधारी-कुंतीकडे पाहणारी नजर एकच होती. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

बाईंचे सगळेच काम आज टिकले आहे असे नाही. डोक्यानाकाच्या मापांवरून लोकसमूहांचे नाते ठरविण्याची जी पद्धत त्या बर्लिनहून शिकून आल्या, ती त्यांनी पुष्कळ वर्षे चालविली, आणि आता ती शास्त्रात मागे पडली आहे. पण माप हाती आल्यावर ते आपल्या किंवा गुरूच्या मनासारखे वळवायचे नाही, हा त्यांचा नेम मात्र टिकणारा आहे. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

आम्हां गाणाऱ्यांत घराण्याचा अभिमान मोठा. पण ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात नेला तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, आणि ते हद्दू-हस्सू खानांच्या रक्ताचे नव्हते. गाणे कष्टाने मिळते, शिकवून देता येते. रक्तातून जे येते ते न मागता येते आणि त्यात कोणाचा मोठेपणा नाही, तसा कोणाचा अपराधही नाही. तेव्हा दाना ओलीतल्या वडीलधाऱ्यांनी पुढच्या वेळी सोयरीक जुळविताना गोत्र आणि पत्रिकेबरोबर घरातल्या आजारांचेही मोकळेपणाने बोलावे, जरूर तर मुलामुलीचे रक्त तपासून घ्यावे, आणि जे मूल जसे जन्मले असेल त्याच्या आईला दूषण देऊ नये. एवढे झाले तरी इरावतीबाईंचे स्मरण सार्थकी लागले असे होईल.